बालवाडी निवडताना चालू वर्गात बसून काय पाहावे

स्वतःच्या दोन मुलांसाठी, आणि पुढे भाचरांसाठी व ओळखीच्या घरांतील मुलांसाठी, मी आजवर वीसएक बालवाड्यांच्या वर्गांत बसून आले आहे. या सगळ्या काळात पालकांना दिला जाणारा एक सल्ला सारखा कानावर पडला: 'खेळ घेणारी शाळा हवी की अभ्यास घेणारी, हे आधी ठरवा.' हा सल्ला चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी हे दोन वेगळे मार्ग नसतातच. या वयात जे टिकते ते हाताळून, बोलून आणि खेळूनच शिकलेले असते. खरा प्रश्न, त्या खेळावर जाणत्या माणसाचे लक्ष आहे की मुले नुसती सोडून दिलेली आहेत, हा आहे. त्याचे उत्तर माहितीपत्रकात मिळत नाही.

यादी करणे सोपे आहे. घरापासून जवळच्या तीन-चार बालवाड्या घ्याव्यात, आणि फाटक, स्वच्छतागृह, जिने व शुल्क पाहून न पटलेल्या लगेच वगळाव्यात. पाटीवरच्या शब्दांना मात्र महत्त्व देऊ नये. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील गरीब वस्तीत आपली पहिली बालवाडी सुरू केली. त्यांच्या पद्धतीला विशिष्ट साधने, मिश्र वयाचे गट आणि शिक्षिकेचे दीर्घ प्रशिक्षण लागते. त्यांचे नाव पाटीवर लावायला मात्र यातले काहीच लागत नाही.

त्यानंतर प्रत्येक शाळेकडे चालू वर्गात दीड तास बसण्याची परवानगी मागावी. स्नेहसंमेलनाचा किंवा पालकांसाठी खास सजवलेला दिवस नको, साधा दिवस हवा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेने ओळखपत्र मागितले, छायाचित्रे काढू नका असे सांगितले, तर ते योग्यच आहे. पण 'पालकांना वर्गात येऊ देत नाही, कार्यालयातच बोला' असे उत्तर आले, तर ती शाळा मी यादीतून काढते आणि इतरांनाही तेच सांगते.

वर्गात बसल्यावर नेमके काय पाहायचे, हे मला पहिल्या वेळी कळले नव्हते. मोठ्या मुलीच्या वेळी मी भिंती पाहिल्या, एका रेषेत गिरवलेल्या अक्षरांच्या वह्या पाहिल्या, शिक्षिकेचा खणखणीत आवाज ऐकला आणि समाधानाने प्रवेश घेतला. आठ महिन्यांनी माझी मुलगी शंभरपर्यंत अंक म्हणत होती, पण पाच चमचे आण म्हटले की हाताला येतील तेवढे उचलून आणत होती. अंक तिला पाठ होते, पण मोजताना शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच एकूण वस्तू, ही गोष्ट तिला कोणी करूनच दाखवली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे ती घरात पेन्सिल लपवू लागली होती. ती शाळा आम्ही सोडली, पण ते आठ महिने परत मिळाले नाहीत, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की शिक्षिकेकडे पाहू नका, एका मुलाकडे पाहा. वर्गातले सर्वांत गप्प मूल निवडावे आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे फक्त त्याच्यावर नजर ठेवावी. चुणचुणीत मुलाकडे कोणत्याही शाळेत लक्ष जाते. या गप्प मुलाशी पंधरा मिनिटांत मोठे माणूस किती वेळा बोलले, आणि त्यांतली किती वाक्ये 'बस', 'ठेव', 'गप्प राहा' यांपेक्षा वेगळी होती, हे मोजावे. एकही नसेल, तर भिंती कितीही सुंदर असोत, आपल्या मुलाच्या कठीण दिवशी त्याच्याकडे कोण लक्ष देणार?

दुसरे, रडणाऱ्या मुलाकडे कसे पाहिले जाते ते पाहावे. दीड तासात एखादे तरी मूल रडतेच. शिक्षिका त्याच्या उंचीला खाली येते का, काय झाले ते शब्दांत मांडते का, की 'शहाणी मुले रडत नाहीत' असे म्हणून पुढे जाते? हे शेवटचे वाक्य ऐकले की मी उठून येते.

तिसरे, मुक्त खेळाची वेळ मोजावी. वेळापत्रकात 'खेळ' लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात वीस मिनिटांत आवराआवर सुरू होते. ठोकळ्यांचा पूल कोसळला, पुन्हा रचला, शेजारच्याशी वाटाघाट झाली, एवढे होईपर्यंतच अर्धा तास जातो. म्हणून सलग पाऊण ते एक तास नसेल तर मी त्याला मुक्त खेळ म्हणत नाही. साधने मुलांच्या हाताला पोहोचतील अशा कपाटांत असावीत. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली आणि पुढे तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. तिथेही मुलांच्या हाती साधे लाकडी ठोकळेच होते. महागडी साधने काचेच्या कपाटात बंद असलेल्या शाळेपेक्षा झिजलेल्या ठोकळ्यांची शाळा मला केव्हाही चालेल.

या वेळात शिक्षिका काय करते, यावरून शाळापूर्व तयारीची परीक्षा होते. ती मोबाइल किंवा नोंदवही घेऊन बाजूला बसली असेल, तर तो खेळ नाही, नुसता वेळ घालवणे आहे. ती प्रत्येक मुलाला काय करायचे ते सांगत असेल, तर तेही नको. चांगली शिक्षिका शेजारी बसते, थोडा वेळ नुसती पाहते आणि मग एखादाच प्रश्न टाकते: 'या गाडीला जायला पूल पुरेल का? आणखी किती ठोकळे लागतील?' मोजणे, अंदाज घेणे आणि पूर्ण वाक्यात उत्तर देणे, हे सगळे त्या एका प्रश्नात आले. गोष्ट सांगताना ती मध्येच थांबून 'पुढे काय होईल?' असे विचारते का, यमक जुळणारे शब्द मुलांकडून काढून घेते का, तेही ऐकावे. शब्दांतले ध्वनी कानाला वेगळे ऐकू येणे ही वाचनाची पहिली तयारी आहे. अक्षर गिरवणे त्यानंतर येते.

गिरवण्याबद्दल मी कठोर आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडे अजून बरीचशी कूर्चेची असतात आणि बोटांवरचा ताबा नुकता येत असतो. चिकणमाती मळणे, मणी ओवणे, कात्रीने कापणे, मोठ्या कागदावर खांद्यापासून हात फिरवून रंगवणे, यांतून लिहिणारा हात तयार होतो. या वयाला रोज पानभर गिरवायला देणारी शाळा पुढची आहे असे समजू नये. भिंतीवर पंचवीस फुलपाखरे हुबेहूब सारखी दिसली, तर ती मोठ्यांनी कापलेली आहेत हेही ओळखावे.

नंतर शिक्षिकेशी दोन मिनिटे बोलावे आणि एकच प्रश्न विचारावा: 'आज ठोकळ्यांशी खेळणाऱ्या मुलांपैकी कोण काय शिकत होते?' जिला नाव घेऊन सांगता येते, तिला मुले दिसतात. 'सर्वांगीण विकास' असे उत्तर आले तर पुढचे विचारण्याची गरज नाही. मुलांची संख्या मात्र विचारू नये, स्वतः मोजावी. तीन-चार वर्षांच्या आठ-दहा मुलांमागे एक मोठे माणूस वर्गात हजर हवे. कार्यालयात बसलेली व्यक्ती त्यात धरू नये. गेल्या वर्षीच्या किती शिक्षिका अजून आहेत, तेही विचारून घ्यावे.

पहिलीच्या वर्गासाठी काय लागते, ही पालकांची धास्ती मला समजते. माझी यादी छोटी आहे: गरज शब्दांत सांगता येणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, गोष्ट शेवटपर्यंत ऐकणे, दोन टप्प्यांची सूचना लक्षात ठेवणे, स्वच्छतागृहात स्वतः जाणे आणि दहा वस्तू बोट ठेवून मोजणे. वर सांगितलेल्या वर्गात हे दोन वर्षांत होते. फिनलंडमध्ये शाळा वयाच्या सातव्या वर्षी सुरू होते, आणि तिथली मुले त्यामुळे वाचायची राहत नाहीत.

निर्णय झाल्यावर पहिल्या आठवड्यात मुलाची नजर चुकवून निघून येऊ नये. निरोप घ्यावा, केव्हा परत येणार ते सांगावे आणि त्याच वेळी यावे. सहा आठवड्यांनी पुन्हा अर्धा तास वर्गात बसण्याची परवानगी मागावी आणि या वेळी पंधरा मिनिटे आपल्याच मुलाकडे पाहावे.