ऑक्टोबरचा घड मे महिन्यात ठरतो

आमच्याकडे द्राक्षबागेचं वय दिवसांत सांगतात. ‘बत्तिसावा चालू आहे’ म्हटलं की निफाडकडच्या कुणालाही कळतं, छाटणी होऊन बत्तीस दिवस झाले. माझे सासरे हे आकडे कॅलेंडरच्या चौकोनांत शिसपेन्सिलीने लिहायचे. त्यांच्यामागं बाग माझ्याकडे आली, तेव्हा मला ती नुसती सवय वाटली होती.

पहिल्याच वर्षी मी ऑक्टोबरच्या गोडी छाटणीची, म्हणजे घड घेण्यासाठीच्या छाटणीची, जय्यत तयारी केली. औषधं आणली, मजूर ठरवले. काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब येतात त्या जागा, फुटले आणि काडीमागून काडी नुसती बाळी, म्हणजे घडाऐवजी तणावा, निघत गेली. घड जवळजवळ नव्हतेच. चूक ऑक्टोबरातली नव्हतीच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नव्या काड्या वाढवण्यासाठीच्या छाटणीनंतर, घरच्या लग्नाच्या गडबडीत मी फुटींची विरळणी केली नव्हती. खाली गर्द सावली, डोळ्यांना ऊन नाही. द्राक्षाचा घड डोळ्याच्या आत उन्हाळ्यातच तयार होतो, खरड छाटणीपासून साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान. नव्याने बाग धरणाऱ्याने ही गोष्ट सगळ्यात आधी पक्की करावी.

म्हणून खरड छाटली की त्याच दिवशी वही उघडा. समजा 8 एप्रिलला छाटली, तर 18 मे ते 7 जून या तारखांभोवती लाल रेघ मारा. त्या दिवसांत बाग सोडून कुठेही जायचं नाही. फुटी त्याच्या आधीच विरळलेल्या हव्यात. दुपारी बागेखाली उभं राहून जमिनीकडे पाहा. उन्हाचे कवडसे दिसले तर बरं, अंधार वाटला तर अजून फुटी काढा. सात पानांवर शेंडा मारून सबकेन, म्हणजे बगलफुटीची पुढची काडी, करून घ्या. पाणी आणि नत्र हात राखून द्या, नाहीतर वेल नुसता शेंडे वाढवत बसतो. पंचेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे 23 मेला, पाचव्या पानाचे देठ काढून तपासणीला पाठवा. मग खत अंदाजाने टाकावं लागत नाही.

पावसाळ्यात पानं निरोगी ठेवणं एवढंच मोठं काम. भुरी, करपा या रोगांवर लक्ष ठेवा.

गोडीची तारीख उलटी मोजून काढा. माल 20 फेब्रुवारीला काढायचा आणि तुमच्या वाणाला 130 दिवस लागतात, तर छाटणी 13 ऑक्टोबरला. वाण आणि थंडीप्रमाणे दिवस मागेपुढे होतात, म्हणून मागच्या वर्षांच्या नोंदी लागतात. सगळी बाग एकदम छाटू नका. दोन प्लॉटमध्ये आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवलं तर एकाच पावसात सगळा फुलोरा सापडत नाही. माझ्या मते छोट्या बागायतदाराचा खरा विमा हाच.

छाटणीआधी काही काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घ्या. कितव्या डोळ्यात घड आहे ते कळतं आणि कात्री त्याच्या पुढे चालवता येते. हे न करता सरसकट एकाच डोळ्यावर छाटणी करणं म्हणजे वर्षभराचं काम कात्रीने खाली पाडणं. टोळीला ऑगस्टमध्येच तारीख सांगा. ऑक्टोबरात सगळ्यांनाच माणसं हवी असतात, आणि पेस्टिंग, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं, छाटणीनंतर लगेच व्हावं लागतं. मजुरांचे हातमोजे तुम्ही स्वतः आणून ठेवा. ते औषध कातडीला वाईट आहे.

पोंग्यापासून, म्हणजे डोळ्यातून कोंब डोकावतो तेव्हापासून, फुलोरा संपेपर्यंत डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती असते. ढग दिसले की सकाळी पानं उलटून पाहायची, रोज, शेवटच्या ओळीपर्यंत. मी बांधाकडच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण आमच्याकडे पहिला डाग तिथेच येतो.

प्रत्येक फवारणी त्याच संध्याकाळी वहीत लिहा: तारीख, कितवा दिवस, औषध, प्रमाण. निर्यातीचा माल असेल तर शेजारी अजून एक आकडा लिहा, काढणीला किती दिवस उरले तो. बाटलीवरचा पीएचआय, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे किमान दिवस, त्याहून जास्त असेल तर ती बाटली परत कपाटात ठेवा.