होलोकॉस्ट साहित्यातलं बालपण अभ्यासायला घेताना: आधी वय मोजा

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी हा विषय घेतला की पहिल्या मसुद्यात एक वाक्य हमखास उतरतं: एका बाजूला फुलासारखी निरागस मुलं, दुसऱ्या बाजूला राक्षस झालेली माणसं. वाक्य खोटं नाही. होलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारात, मारल्या गेलेल्या सुमारे ६० लाख लोकांमध्ये १५ लाखांच्या आसपास मुलं होती. पण या वाक्यापुढे अभ्यास सरकत नाही, कारण मूळ पुस्तकं इतकी सरळ बोलत नाहीत.

सुरुवात शब्दापासून करा. इंग्रजीतला ‘इनोसन्स’ दोन अर्थ एकत्र बांधतो: अपराध नसणं आणि जाण नसणं. मराठीत त्यासाठी वेगळे शब्द आहेत, निष्पाप आणि अजाण. ‘निरागस’मधला ‘आगस्’ म्हणजे अपराध. म्हणजे मुळात तो ‘निरपराध’च्या जवळचा शब्द, पण आज आपण तो ‘भोळं’ या अर्थाने वापरतो. होलोकॉस्टमधली सगळी मुलं निष्पाप होती. अजाण मात्र सगळी नव्हती, आणि जी होती तीही फार दिवस तशी राहिली नाहीत. प्रत्येक उताऱ्यासमोर यातला नेमका कोणता शब्द लागू पडतो ते लिहीत गेलात, तर प्रबंधिकेचं अर्धं विवेचन तिथेच उभं राहतं.

मग एका कागदावर चार रकाने आखा: लेखकाचा जन्म, घटनेच्या वेळचं वय, लिहितानाचं वय, छापलं गेलं ते साल आणि भाषा. ॲन फ्रँकचा जन्म १२ जून १९२९चा. तेराव्या वाढदिवसाला डायरीची वही मिळाली, ६ जुलै १९४२ला कुटुंब लपलं, ४ ऑगस्ट १९४४ला अटक झाली, डच पुस्तक १९४७मध्ये आलं. पुढचे तिघे ऑशविट्झ या नाझी छावणीतून वाचलेले लेखक. एली वीझेल १९४४च्या मे महिन्यात १५ वर्षांचे होते. यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) पुस्तक १९५६चं, आटोपशीर फ्रेंच रूप (इंग्रजीत ‘नाइट’) १९५८चं. इम्रे कर्तेस १९२९चे, त्यांची हंगेरियन कादंबरी (इंग्रजीत ‘फेटलेसनेस’) १९७५ची. रूथ क्लूगर १९३१च्या, त्यांचं जर्मन आत्मकथन १९९२चं. कागद भरला की दिसतं: चौघांपैकी मुलाच्या वयात लिहिलेलं एकच. बाकी तिघांमधलं मूल प्रौढ हाताने घडवलेलं आहे. त्यामुळे ‘मूल असं म्हणतं’ आणि ‘लेखक मुलाला असं पाहायला लावतो’ ही वाक्यं एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

हा रकाना न भरल्याने होणारी सर्वांत ओळखीची चूक म्हणजे तेरेझीन या घेट्टोतली, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतली, फुलपाखराची कविता. ती मुलांच्या चित्रांबरोबर छापली जाते, म्हणून ‘एका चिमुकल्याची कविता’ असं लिहिलं जातं. पावेल फ्रीडमनने ती ४ जून १९४२ला लिहिली तेव्हा तो २१ वर्षांचा होता. तेरेझीनमधल्या मुलांचा स्वतःचा आवाज हवा असेल तर ‘वेदेम’ या हस्तलिखित साप्ताहिकाकडे जा. ते मुलांच्या वसतिघरात निघायचं, संपादक पेत्र गिंझ. तो सोळाव्या वर्षी ऑशविट्झला मारला गेला. चित्रांसाठी तिथे मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांच्या वर्गांतली सुमारे ४,५०० चित्रं आहेत, प्रागच्या ज्यू संग्रहालयात जपलेली.

ॲनच्या डायरीबाबत एक जास्तीचं काम आहे. मार्च १९४४मध्ये लंडनहून तिथल्या निर्वासित डच सरकारच्या मंत्र्याने रेडिओवर डायऱ्या जपून ठेवायला सांगितलं. मे महिन्यात ॲनने आपली डायरी छापण्याच्या दृष्टीने नव्याने लिहायला घेतली. मूळ नोंदी ही ‘अ’ प्रत, तिचं पुनर्लेखन ‘ब’, वडील ओटो फ्रँक यांनी दोन्हींमधून तयार केलेली ‘क’. तुमच्या हातातला अनुवाद कशावर आधारलेला आहे ते प्रस्तावनेत पाहा. १९९१च्या वाढीव आवृत्तीत १९४७च्या पुस्तकात नसलेला बराच मजकूर आहे. नीट केलेलं पुनर्लेखन ‘भाबडी नोंद’ म्हणून वाचलं, तर जाणत्या लेखिकेचं श्रेय आपण तिच्याकडून काढून घेतो. माणसं मनाने चांगली असतात हे तिचं वाक्यही एकटं उचलू नका. १५ जुलै १९४४च्या त्या नोंदीत लगेच पुढे जग ओसाड होत चाललंय आणि गडगडाट जवळ येतोय असं ती म्हणते.

आता या विषयाचा गाभा. ऑशविट्झमध्ये कोणाला कामाला ठेवायचं आणि कोणाला मारायचं याच्या निवडीत वय सांगणं म्हणजे जगणं किंवा मरणं ठरवणं होतं. लहान मुलांना बहुतेक वेळा थेट गॅसकडे पाठवत. वीझेलना एक कैदी सांगतो, पंधरा नव्हे, अठरा सांग. कर्तेसच्या निवेदकाच्या कानात कैदी ‘सोळा’ पुटपुटतात. बारा वर्षांच्या क्लूगर पहिल्या वेळी खरं सांगतात आणि नाकारल्या जातात. पुन्हा रांगेत शिरल्यावर तिथे नोंद करणारी एक कैदी तरुणी त्यांना पंधरा सांगायला लावते. तीन पुस्तकं, तीन भाषा, एकच प्रसंग: मूल स्वतःचं बालपण नाकारतं म्हणून वाचतं. हे तीन उतारे शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचा. खोटं बोलायला कोण शिकवतं, का शिकवतं, लेखक तिथे किती वेळ थांबतो? क्लूगर त्या अनोळखी तरुणीच्या कृतीवर रेंगाळतात, कारण तिला त्यातून काहीच मिळणार नव्हतं. क्रौर्याच्या प्रकरणात चांगुलपणाचं इतकं काटेकोर वर्णन फार थोड्या ठिकाणी सापडेल.

क्रौर्य शोधताना फक्त मारहाण आणि धूर शोधू नका. ॲनच्या २० जून १९४२च्या नोंदीतली मनाईची यादी वाचा: पिवळा तारा लावायचा, सायकली जमा करायच्या, ट्राम बंद, खरेदी दुपारी ३ ते ५, रात्री ८ ते सकाळी ६ रस्त्यावर यायचं नाही. मुलीच्या दिवसाचा एकेक तास सरकारी हुकमाने कापलेला दिसतो. कर्तेसमध्ये उलट बाजू आहे. त्यांच्या कादंबरीतला चौदा वर्षांचा निवेदक प्रत्येक गोष्टीला ‘साहजिकच’ म्हणत जातो, आणि निवड करणाऱ्या डॉक्टरच्या नजरेने स्वतःही माणसं पारखू लागतो. तिथे अजाणपणा क्रौर्याचं तर्कशास्त्र शिकतोय. अनुवादात ‘साहजिकच’ हा शब्द दर वेळी एकसारखा ठेवला आहे का हे जरूर तपासा, नाहीतर पुस्तकाचा कणाच हरवतो.

भारतीय वाचकाला जवळचा दुवा वॉर्सात आहे. तिथल्या घेट्टोत पोलिश-ज्यू डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमात १८ जुलै १९४२ला रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ मुलांनी केलं. घेट्टोतून लोकांना मारायला नेणाऱ्या गाड्या २२ जुलैला सुरू झाल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला कोर्चाक आणि सुमारे २०० मुलांना ट्रेब्लिंकाच्या संहार छावणीत नेलं. ‘गाड्या सुटताना मुलं नाटक करत होती’ असं लिहू नका, क्रम पाळा. नाटकातला आजारी मुलगा अमल राजाच्या पत्राची वाट पाहतो, एवढं मजकुरातून दाखवलंत तरी पुरतं.

बनावट आणि कल्पित यांची वेगळी फाइल ठेवा. बिन्यामिन विल्कोमिर्स्कीच्या नावाचं १९९५चं ‘बालपणीच्या आठवणीं’चं पुस्तक पुढे खोटं ठरलं, ते साक्ष म्हणून उद्धृत केलंत तर तोंडी परीक्षेत उत्तर नसेल. जॉन बॉइन यांची पट्टेरी पायजम्यातल्या मुलाची कादंबरी वर्गात लोकप्रिय आहे, पण २०२०मध्ये ऑशविट्झ स्मारकानेच या इतिहासाच्या अभ्यासकांनी ती टाळावी असं म्हटलं. काहीच माहीत नसलेला नऊ वर्षांचा नाझी अधिकाऱ्याचा मुलगा, हाच तिचा कच्चा दुवा आहे.

शब्दांत शिस्त हवी. सगळीकडे ‘छळछावणी’ लिहिलं तर फरक पुसला जातो: तेरेझीन घेट्टो आणि पुढे पाठवण्याचं ठाणं, ट्रेब्लिंका केवळ मारण्यासाठी, ऑशविट्झमध्ये श्रमही आणि संहारही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीलाही (१९४३ ते १९४८) होलोकॉस्टच्या प्रकरणात घालू नका. तिथली बायकामुलं सोव्हिएत हद्दपारीतून, इराणमार्गे आली होती. तो विस्थापनाच्या साहित्याचा विषय आहे.

प्रबंधिकेला दोन पुस्तकं पुरेत, एक त्या वेळी लिहिलेलं आणि एक नंतर आठवून लिहिलेलं. ॲन आणि क्लूगर ही जोडी सर्वांत फळते. दिवसाला तीसेक पानांपेक्षा जास्त वाचू नका. पुढे मन बधिर होतं आणि टिपणांत ‘भयंकर’, ‘हृदयद्रावक’ एवढेच शब्द उरतात. असे शब्द दिसले की खोडा आणि त्या जागी मूळ उताऱ्यातली वस्तू, वेळ किंवा वय लिहा.