पिवळी कोरांटी: लाड कमी, फुलं जास्त

पाहुणे अंगणात आले की आधी गुलाबांपाशी थांबतात आणि मग कुंपणालगतच्या पिवळ्या ताटव्याकडे बोट दाखवून विचारतात, "हे काय आणलंय?" माळावर, पडक्या भिंतीच्या कडेला उगवणारी ही कोरांटी, असं सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. बाकीची बाग उन्हाने माना टाकते तेव्हाही ही तग धरून असते.

कोरांट्या बऱ्याच आहेत. जांभळ्या, पांढऱ्या फुलांच्याही मिळतात आणि त्यातल्या काहींना काटे नसतात. मी सांगतेय ती काटेरी पिवळी, बार्लेरिया प्रायोनायटिस. हिलाच वज्रदंती म्हणतात. फूल जवळून पाहा: वर चार पाकळ्या एकत्र, खाली एक वेगळी सुटलेली, आणि मधून दोन लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. पानाच्या बेचक्यात मात्र टोकदार काटे. त्यामुळे वाटेच्या कडेला, पोरं खेळतात तिथे लावू नका. कुंपणाला लावा, तिथे काट्यांचा फायदाच आहे.

रानातलं झाड उपटून आणण्याची गरज नाही. बहुतेक वेळा ते जगतही नाही, कारण मूळ खोल गेलेलं असतं. ओळखीच्या कुणाकडून फांद्या मागून आणा. पावसाळ्याच्या तोंडी पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना अगदी कोवळी ना जून अशी फांदी वीतभर कापायची. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली घ्या. खालची पानं काढून दोन डोळे मातीत जातील अशी खोचा. निम्मी माती, निम्मी वाळू पुरते. सावलीत ठेवा, माती ओलसर हवी, चिखल नको. नवी पालवी दिसली म्हणून लगेच उपटून मुळं बघायचा मोह आवरा. फांदी साठवणीतल्या अन्नावरही फुटते. हलक्या हाताने ओढल्यावर ती घट्ट वाटली की मगच जागेवर लावा.

बियांपासूनही येते. बोंडात दोन चपट्या बिया असतात आणि वाळल्यावर ते तडकून बी लांब उडतं. म्हणून बोंड तपकिरी व्हायला लागताच त्यावर जुन्या ओढणीचं फडकं बांधते.

जागा उन्हाची हवी. अर्ध्या सावलीत जगते, पण उंच, लुकडी होते आणि फुलं कमी येतात. मुरमाड जमीन चालते. काळी चिकण माती असेल तर आधी खड्ड्यात वाळू-मुरूम न घालता सरळ उंचवटा करून त्यावर लावा. खड्डा नुसता पाणी साठवणारं भांडं होतो. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा मुळाशी भरपूर पाणी द्यायचं. रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात. पुढच्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाला मी पाणी बहुतेक देतच नाही. खतही पावसाच्या सुरुवातीला ओंजळभर शेणखत, बस्स. नत्र जास्त झालं की पानंच पानं.

खरं काम छाटणीचं. पाऊस सरल्यावर, हिवाळ्यात बहर येतो. तो ओसरला की जाड हातमोजे घालून निम्म्यावर कापा, आतल्या मेलेल्या फांद्या बुडापासून काढा. न छाटलेली कोरांटी खाली उघडी पडते आणि फुलं नुसती शेंड्याला. पावसात फुटवे आले की शेंडे एकदा खुडा. पावसाळ्याच्या अखेरीस खुडणं बंद करा, नाहीतर कळ्याच जातील.

कुंडीत लावायची तर खोल कुंडी घ्या, आणि उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागेल. तिथे मुळांना खोल जायला वाव नाही.

पानं कुरतडलेली दिसली तर फवारणी करू नका. काही फुलपाखरांच्या अळ्या यावर वाढतात, आणि झाड पुन्हा पालवतं.