लाल घळींचे फोटो मातकट का येतात? या चुका टाळा

अमेरिकेच्या युटा आणि ॲरिझोना राज्यांतील लाल कातळांत फिरून आलेल्या अनेकांची एकच तक्रार असते, की डोळ्यांना निखाऱ्यासारखा दिसलेला दगड फोटोत मातकट आला. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसून ‘ऑटो’वर सोडून दिलेल्या व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे प्रकाशाच्या छटेनुसार फोटोतले रंग जुळवणाऱ्या सेटिंगचा असतो. पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनसारख्या अरुंद घळीत थेट ऊन तळापर्यंत क्वचितच पोहोचते. ते वरच्या कडेवर पडते, समोरच्या भिंतीवरून परतते आणि लोहाच्या ऑक्साइडने तांबूस झालेल्या वालुकाश्मावर प्रत्येक वेळी आदळताना अधिक नारिंगी होत खाली उतरते. भिंतीच्या एकाच वळणावर वर पिवळा, मध्ये केशरी आणि तळाच्या सावलीत जांभळट रंग दिसतो तो त्यामुळेच. ऑटो व्हाइट बॅलन्स या नारिंगी छटेला दोष समजून ती पुसू पाहतो. म्हणून तो ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’वर ठेवावा आणि फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावा, म्हणजे घरी रंग सुधारायला वाव राहतो.

दुसरी चूक म्हणजे चौकटीत आभाळ घेण्याचा मोह. आभाळाची एक चिंचोळी पट्टी जरी आत आली, तरी ती पांढरीफटक होते किंवा भिंती काळवंडतात. आभाळ वगळावे, सर्वांत उजळ भिंतीनुसार एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते) ठरवावे. अँटिलोपच्या नेहमीच्या सहलींत ट्रायपॉड नेता येत नाही, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १६०० पर्यंत वाढवायला कचरू नये. त्याने फोटोत थोडे कण दिसलेले चालतात, हललेला फोटो मात्र सुधारता येत नाही.

घळीत लेन्स बदलू नये, कारण वरून बारीक वाळू सतत झरत असते. काचेवर वाळू बसलीच, तर ती कापडाने न पुसता ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने) उडवावी.

डोक्यावरचे आभाळ स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहणे ही सर्वांत घातक चूक होय. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटिलोपच्या ‘लोअर अँटिलोप’ या भागात अचानक आलेल्या लोंढ्यात ११ जणांचा मृत्यू झाला; पाऊस कित्येक मैल दूर पडला होता. त्यामुळे हवामानाचा अंदाज केवळ आपल्या जागेचा न पाहता, पाणी जिथून वाहत येते त्या वरच्या सगळ्या भागाचा पाहावा.

युटातील झायन राष्ट्रीय उद्यानात बिगहॉर्न या रानमेंढ्यांचे दुपारी घेतलेले फोटो धूसर आले, तर लेन्सला बोल लावण्याआधी तापलेल्या कातळावरची हवा आठवावी. तिच्या थरथरण्याने दूरचा तपशील विरघळतो आणि महागडी टेलिफोटो लेन्सही त्यावर उपाय नाही. सूर्योदयानंतरचा पहिला तासच त्यासाठी योग्य. जवळ जाणे हा तर उपाय नव्हेच. तेथे प्राण्यांपासून किमान २३ मीटर अंतर ठेवावे लागते, आणि चरणारी मेंढी मान वर करून आपल्याकडे रोखून पाहू लागली, तर तेवढे अंतरही कमीच समजून मागे सरावे.

मागे सरताना पायाखाली लक्ष हवे. पायवाटेबाहेरची काळपट, खडबडीत माती म्हणजे सायनोबॅक्टेरिया (उन्हावर अन्न बनवणारे सूक्ष्म जीवाणू), दगडफूल आणि शेवाळाचा जिवंत थर असतो. एका पावलाने तो मोडतो आणि भरून यायला अनेक वर्षे, कधी दशके लागतात. त्याचाच फोटो हवा असेल तर वाटेच्या कडेला बसून सकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावा, तेव्हा त्याचे इवले कंगोरे सावल्यांसह उठून दिसतात.