इंजिन-गिअरबॉक्स उतरवताना या चुका टाळा

इंजिन उतरवताना वजनामुळे होणारं नुकसान थोडंच असतं. जास्त होतं ते काहीतरी सुटायचं राहिलेलं असताना ओढल्यामुळे. मारुती ८०० किंवा जुन्या अल्टोचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन बोनेट आणि रेडिएटर काढल्यावर गिअरबॉक्ससकट वरून निघतं. बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र ते सबफ्रेमसह (इंजिन ज्यावर बसतं ती खालची चौकट) खालून उतरवावं लागतं. आपल्या गाडीचं कसं निघतं ते मॅन्युअलमध्ये आधी बघा, मगच पान्याला हात लावा.

पहिली चूक क्रमाची. बॅटरी आधी काढली की पेट्रोल लाइनमधला दाब तसाच राहतो. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत तो ३ बारच्या आसपास असतो आणि पाइप सुटताच पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पेट्रोलची वाफ भराभर होते, म्हणून हे काम सकाळीच आणि मोकळ्या हवेत उरका. सीएनजी किट असेल तर ती लाइन त्याच कामाच्या जाणकार मेकॅनिककडून सोडवून घ्या.

एसीचे पाइप खोलायची गरज बहुतेक वेळा नसतेच. कॉम्प्रेसरचे बोल्ट काढून तो पाइपांसकट बाजूला तारेने बांधून ठेवा. पाइपांवर लोंबकळू देऊ नका. लाइन उघडली तर गॅस जातो, आत ओलावा शिरतो, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) बदलावा लागतो, आणि ऐन उन्हाळ्यात एसीविना फिरावं लागतं.

उन्हाने कडक झालेले होज, म्हणजे रबरी पाइप, रेडिएटरच्या प्लॅस्टिक नळीला चिकटून बसतात. पकडीने पिळले तर नळीच तुटते. होज उभा चिरून काढा. शे-दोनशे रुपयांच्या रबरापायी रेडिएटर घालवू नका.

अॅक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा) काढण्याआधी गिअर ऑईल रिकामं करा, नाहीतर ते जमिनीवर सांडेल. चाकाकडून अॅक्सल ओढला तर आतला जॉइंट बूटमध्येच (त्यावरच्या रबरी आवरणात) सुटतो. गिअरबॉक्सजवळ पहार टेकवून एकच छोटा झटका द्या, ऑईल सीलला मात्र तिचं टोक लागू देऊ नका. हबचं (चाकाच्या मधोमधचं) नट काढायचं असेल तर चाक जमिनीवर असतानाच ढिलं करा.

आता उचलणं. कडुलिंबाच्या फांदीला किंवा शेडच्या पत्र्याखालच्या पाइपला चेन पुली अडकवलेली अजूनही दिसते. हे करूच नका. इंजिन क्रेन वापरा, नाहीतर १ टनाची चेन पुली पक्क्या गर्डरला लावा. चेन इंजिनावरच्या उचलायच्या कड्यांनाच अडकवा; इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणारा भाग) नको, तो अनेकदा प्लॅस्टिकचा असतो. शेवटचं माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार) सोडण्याआधी चेन ताणलेली हवी. वीतभर उचला, थांबा, चारही बाजूंनी बघा. हमखास राहतात ती गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी, रिव्हर्स लाइटचा कपलर (वायरचा जोड), स्पीडोमीटरची केबल आणि हीटरचे होज. जोर लावावा लागतोय म्हणजे यांतलं काहीतरी अजून जोडलेलं आहे. लटकत्या इंजिनाखाली हातही घालू नका.

बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडणारा घंटेसारखा भाग) बोल्ट एका डब्यात टाकणं ही साधी वाटणारी, पण महागात पडणारी चूक. त्यांची लांबी वेगवेगळी असते; लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की केसिंगला तडा जातो. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सची आकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी बोल्ट खोचा. कपलरचे फोटो काढाच, पण मास्किंग टेपवर नंबरही लिहा, कारण फोटोत सगळे कपलर सारखेच दिसतात.

गिअरबॉक्स वेगळा करताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर (क्लचमध्ये शिरणारा दांडा) लटकलं की क्लच प्लेटचा हब वाकतो आणि पुढे क्लच नीट सुटत नाही. जॅकचा आधार द्या, सरळ रेषेत मागे घ्या. बसवताना क्लच प्लेट अलाइनमेंटच्या दांड्याने मधोमध धरा. इंजिन आणि गिअरबॉक्समधली फट हातानेच मिटली पाहिजे. बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला तर डॉवेल (जागा धरून ठेवणारी पिन) किंवा केसिंगचा बोल्टचा कान तुटतो. एवढं उघडलंच आहे तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबणारं बेअरिंग) आणि क्रँकचं मागचं ऑईल सील बदलून टाका.

ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचे (क्लचच्या जागी असलेला भाग) बोल्ट आधी केसिंगवरच्या खिडकीतून सोडा आणि कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबरच येऊ द्या. परत लावताना तो फिरवत आत ढकला. टप्प्याटप्प्याने खट्ट करत पूर्ण आत बसला पाहिजे. अर्धवट बसलेल्या कन्व्हर्टरवर बोल्ट आवळले की ऑईल पंप फुटतो, आणि ते गाडी सुरू केल्यावरच कळतं.

दुसरा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य भाग) बसवत असाल तर इंजिन नंबर आरसीवर असतो हे ध्यानात ठेवा. आरटीओची नोंद नसेल तर गाडी विकताना अडकते. आणि गिअर ऑईल भरेपर्यंत स्टिअरिंगला ‘ऑईल नाही’ अशी चिठ्ठी बांधून ठेवा.