मधुमेह असताना ऑपरेशन : कोणती गोळी कधी बंद, इन्सुलिन किती आणि उपाशी कसं राहायचं

ऑपरेशनच्या सकाळी शुगरच्या सगळ्या गोळ्या बंद ठेवल्या की झालं, असं बरेच जण धरून चालतात. एका गटातल्या गोळ्या मात्र तीन दिवस आधीच थांबवाव्या लागतात, काही फक्त त्या सकाळी, आणि रात्रीचं इन्सुलिन बहुतेक वेळा बंद न करता थोडं कमी करायचं असतं. म्हणून तयारी तारीख मिळते त्याच दिवशी सुरू करा. राजापूर, देवगड, दोडामार्गकडच्या माणसाचं ऑपरेशन अनेकदा रत्नागिरी, ओरोस, कोल्हापूर, मुंबई नाहीतर गोव्यात बांबोळीला होतं, आणि भूलतज्ज्ञांची भेट आदल्या दिवशी होते. तोवर तीन दिवस आधी थांबवायची गोळी पोटात गेलेली असते. पहिल्याच भेटीत सर्जनकडे एवढं मागा : प्रत्येक औषधापुढे "शेवटचा डोस कधी" हे लिहून द्या. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या कागदावर वेगळं लिहिलेलं असेल तर तेच पाळा.

तारीख मिळाल्यावर

तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, तपासून घ्या. थांबता येण्यासारखं ऑपरेशन असेल, हर्निया किंवा गुडघा, तर ती ८ टक्क्यांच्या खाली असलेली बरी. त्याहून बरीच जास्त असेल तर आधी शुगर आटोक्यात आणायला वेळ घेणं शहाणपणाचं. शुगर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, टाके उशिरा भरतात. कॅन्सर, सडलेला पाय, अडकलेला हर्निया यांना ही सवड नसते. तिथे शुगर दवाखान्यातच इन्सुलिनवर सांभाळतात. अंगात रक्त कमी असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर एचबीएवनसी फसवते. अशा वेळी घरच्या आठवडाभराच्या नोंदी जास्त खऱ्या : सकाळी उपाशीपोटी, दोन्ही जेवणांआधी, झोपताना.

नोंदी खऱ्या हव्यात तर ग्लुकोमीटरच्या पट्ट्या सांभाळा. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की डबीचं झाकण उघडं राहिलं तर पट्ट्या खराब होतात आणि आकडा चुकतो. एक पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा, पट्ट्या पिशवीत सुट्या ठेवू नका. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा किंवा फणस खाल्लेल्या बोटाला राहिलेला रस शुगर खोटी वाढवून दाखवतो, आणि त्या आकड्यावर कोणी इन्सुलिन वाढवलं तर शुगर धोकादायक खाली जाते.

गोळ्या

सगळ्या पाकिटांचे फोटो काढा, नाव आणि घटक दिसतील असे. एका गोळीत दोन-तीन औषधं असतात आणि ते फक्त मागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

तिथे "ग्लिफ्लोझिन"ने संपणारं नाव शोधा : डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. ही गोळी तीन दिवस आधी थांबवतात. ऑपरेशन गुरुवारी असेल तर शेवटची गोळी रविवारी. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. त्यात उपास आणि ऑपरेशनचा ताण आला की शरीर चरबी जाळू लागतं, कीटोन साचतात, रक्त आम्लधर्मी होतं. भीतीची गोष्ट ही की मीटरवर शुगर २००च्या आत दिसू शकते, म्हणून कोणाला शंकाच येत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप हे सगळं ऑपरेशनचंच असेल असं वाटून वेळ जातो. हीच गोळी हृदय किंवा मूत्रपिंडासाठीही देतात, त्यामुळे "ती शुगरची नाही, हार्टची आहे" म्हणून ती यादीतून सुटते. हार्टच्या डॉक्टरांना सांगून थांबवा, पण यादीत ती सांगायला विसरू नका.

मेटफॉर्मिन त्या सकाळी घेत नाहीत. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा शिरेतून रंगद्रव्य देऊन तपासणी होणार असेल तर ती आणखी किती दिवस बंद ठेवायची ते विचारा. ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड त्या सकाळी नक्की बंद, कारण पोटात अन्न नसलं तरी या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढतच राहतात. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिनने शुगर सहसा एकदम खाली जात नाही, तिथे भूलतज्ज्ञ सांगतील तसं.

सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर ते आधीच सांगा. त्याने जठर हळू रिकामं होतं. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं आणि भुलेत ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

इन्सुलिन

रात्रीचं ग्लार्जिन किंवा डिग्लुडेक आदल्या रात्री साधारण ७५ ते ८० टक्के देतात : २० युनिट घेत असाल तर १५ किंवा १६. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन जेवणाशी बांधलेलं आहे, जेवण नाही तर ते नाही. ३०/७० सारखं मिश्र इन्सुलिन बऱ्याचदा सकाळी निम्मं देतात, पण ते ऑपरेशनची वेळ आणि सलाईनची सोय पाहून दवाखान्यात ठरतं. ते घरून उपाशीपोटी टोचून दोन तासांच्या प्रवासाला निघू नका. टाइप १, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही असा मधुमेह असेल तर रात्रीचं इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही, उपास असला तरीही.

सिरिंज बघून घ्या. बाटली ४० युनिटची असेल तर लाल टोपणाची ४० ची सिरिंज, १०० युनिटची असेल तर नारिंगी टोपणाची १०० ची. १०० च्या बाटलीतलं औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात ५० युनिट जातात. सोबतीला राहणारा माणूस बदलतो तेव्हा ही चूक होते. बाटलीला तीच सिरिंज रबराने बांधून ठेवा.

उपास आणि प्रवास

जड, तळलेलं, मटणाचं जेवण आठ तास आधी संपलेलं हवं, हलकं जेवण सहा तास आधी. साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतो. दुधाचा चहा मात्र जेवणातच धरायचा, सहा तास. पेज आणि नारळाच्या दुधाची सोलकढी पातळ असली तरी पाण्यात मोडत नाहीत. "फक्त घोटभर चहा घेतला" एवढ्यावर ऑपरेशन दुपारवर जातं आणि उपास तितका लांबतो. मधुमेह आहे असं सांगून यादीत पहिला नंबर मागा. संकोच करू नका, ही मागणी रास्त आहे.

आंबा घाट, करूळ घाट किंवा आंबोली ओलांडून जायचं असेल तर आदल्या दिवशीच पोचा. उपाशीपोटी घाटात उलट्या झाल्या तर शुगर घसरू शकते, आणि गाडीत वाटेत काही खायला द्यावं लागलं तर ऑपरेशन ढकलावं लागतं. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा, गाडीच्या तापलेल्या डिकीत नको. बर्फाला थेट टेकवूही नका, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं.

उपासात घाम, थरथर, गोंधळ वाटला तर लगेच बोट टोचून शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर अर्ध्या पेल्याहून कमी पाण्यात पूर्ण विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. लाडू, बिस्किट, दूध नको. साखरपाणी पोटातून लवकर पुढे सरकतं, बाकीचं सरकत नाही. पाणी किती वाजता दिलं ते भूलतज्ज्ञांना सांगा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखान्यात असाल तर नर्सला हाक मारा, बाहेर असाल तर १०८ ला फोन करा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन बहुतेकदा डोळ्यापुरत्या भुलेवर होतं आणि अनेक ठिकाणी खाऊन, गोळ्या घेऊन या असं सांगतात. न विचारता उपाशी राहू नका.

दवाखान्यात आणि घरी आल्यावर

ऑपरेशनच्या वेळी शुगर १०० ते १८० मध्ये ठेवतात. घरी ९५ असणारी शुगर तिथे १६० दिसली तर घाबरण्याचं कारण नाही : भुलेत शुगर खाली गेली तर ते सांगणारं कोणी नसतं, म्हणून ती मुद्दाम थोडी वर राखतात. उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या डेक्सामेथासोनने पुढचा एखादा दिवस शुगर चढते, तेही अपेक्षित आहे.

खाणं सुरू झाल्यावर भेटायला येणारे पेज आणि शहाळी आणतात. पेजेतला भात मऊ असल्याने शुगर भरभर चढवतो. बरोबर मुगाची डाळ, अंडं किंवा उकडलेला मासा असू द्या. शहाळ्यात साखर आणि पोटॅशियम दोन्ही असतं, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारूनच द्या. रुग्ण किती खाईल याचा भरवसा नसेल तर जलद इन्सुलिन जेवण झाल्यावर लगेच द्यावं का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. ग्लिफ्लोझिनची गोळी खाणं-पिणं पूर्ववत झाल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हाच परत सुरू करायची.

पायाला बधिरपणा असेल तर अंथरुणावर टाचा रोज बघा, दाबाने जखम होते आणि ती दुखत नाही. पावसात जखमेवरची पट्टी ओली झाली तर तीच वाळू देऊ नका, बदलून घ्या. टाक्यांवर हळद, राख, पाल्याचा रस काहीही लावू नका. खाणं तेच, औषध तेच आणि शुगर अचानक वाढू लागली तर जखम बघा, पू आणि ताप दिसण्याआधी संसर्गाची खूण कधी कधी मीटरवर येते. दोनदा तपासूनही २५० च्या वर असेल तर त्याच दिवशी सर्जनला कळवा. उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर आकडा कितीही असो, थेट दवाखाना गाठा आणि शेवटची ग्लिफ्लोझिनची गोळी कधी घेतली ते पोचताच सांगा.