मासा कोपऱ्यात दबून बसला, तर आधी पाणी तपासा

पंख अंगाला चिकटवून मासा टाकीच्या कोपऱ्यात बसला, रंग फिका पडला, कल्ले भराभर हलू लागले, तरी लगेच औषध ओतू नका. दोष बहुतेक वेळा पाण्यातच निघतो. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं, मोजा. पाण्यात बुडवायच्या टेस्ट पट्ट्यांपेक्षा मला थेंबांचं टेस्ट किट जास्त भरवशाचं वाटतं. दोन्ही शून्य हवेत. 0.25 पीपीएम (दहा लाख भागांत पाव भाग) दिसलं तरी त्याच दिवशी 30 टक्के पाणी बदला. नवं पाणी टाकीइतक्याच तापमानाचं असावं, आणि क्लोरीन मारणारं द्रावण बादलीतच मिसळा. रात्रभर उघड्या ठेवलेल्या पाण्यातून क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात घालतात) मात्र उडत नाही.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला गेलाय का, हे जरूर आठवून बघा. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू त्यावरच वाढतात. क्लोरीनने ते मेले की अमोनिया चढतो, आणि पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता मोजण्याचा आकडा) 8 च्या वर असेल तर तेवढाच अमोनिया जास्त घातक ठरतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळावा.

दोन दिवस दिवा बंद, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू, खाणं बंद. मोठ्या माशांना तेवढा उपास सोसतो, पिल्लांना नाही.

पाणी चांगलं निघालं तर टाकीत कोण कोणाला पळवतंय ते लांबून बघा. शेपटीची कड कुरतडलेली दिसली, तर दांडगाई करणारा मासा वेगळा काढा आणि दगड-झाडांच्या जागा बदला, म्हणजे त्याने आखलेली हद्द मोडते.